कमरेचा पट्टा

४ सप्टेंबर

समोरच्या बंकवरची बाई बूट घालून झोपते. का? पळायची तयारी?

बाकी खोली ठीक. सहा बेड, एक खिडकी, चार्जिंगला एकच सॉकेट आणि त्यावर सगळ्यांचा डोळा. सॅक उशाशी, पासपोर्ट पोटाशी, पैसे तीन ठिकाणी. त्यातलं एक ठिकाण सकाळी मलाच आठवेना! सगळं सामान उपसलं. मोज्यात होते.

पदवी झाली, नोकरी नाही, व्हिसा आहे तोवर एकटीने फिरून घेते — असं घरी सांगितलं तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, "एकटीने?" आणि आईने सुई-दोरा काढला. ती पदवीदानाला इकडे आली होती, आठवडाभर माझ्याच खोलीत राहिली. राग आला की शिवत बसायचं हा तिचा जुना खाक्या. मी तिकिटं काढतेय आणि ही हाताला येईल त्या दोऱ्याने उशीचे अभ्रे शिवतेय, पडद्याचा काठ शिवतेय. भाड्याच्या खोलीचे! विमानतळावर आशीर्वाद दिला तोही असा — "सॅक नजरेआड करू नकोस."

६ सप्टेंबर

आईचा फोन. पहिला प्रश्न, "सॅक आहे ना जवळ?" मी कशी आहे ते मागाहून.

आज व्हिडिओवर तिचा गळा मोकळा दिसला. सोन्याच्या मण्यांची माळ नाही. ती माळ मी जन्मल्यापासून तिच्या गळ्यात बघतेय, पदवीदानाच्या फोटोतसुद्धा आहे. विचारलं तर म्हणे, "गळ्याला पुरळ उठलंय, काढून ठेवलीय." आणि कॅमेरा लगेच पंख्याकडे. आईला खोटं बोलता येत नाही आणि मला ते लगेच कळतं. मामाचं दुकान डबघाईला आलंय हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊ रडत आला असेल, हिने काढून दिली असेल. बाबांना पत्ताही नसेल.

फार राग आला. माझ्याशीसुद्धा लपवाछपवी?

८ सप्टेंबर

नवं गाव. स्वयंपाकघरात एक मुलगी भेटली, माझ्यासारखीच एकटी. तिच्याकडे पत्र्याची छोटी डबी — सुया, बटणं, दोऱ्याची रिळं. माझा फाटका मोजा बघितला आणि न विचारता हात पुढे केला, "आण इकडे." दोन मिनिटांत शिवून दिला. मी मनातल्या मनात तिचं नाव सुईवाली ठेवलंय.

छान आहे. पण ओळख ना देख, इतकी माया कशासाठी? पाणी कुठेतरी मुरतंय.

११ सप्टेंबर

सुईवालीबरोबर दिवसभर भटकले. जोडीतला दुसरा मोजाही फाटला, तोही तिला शिवायला दिला. कितीतरी दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले. परत आल्यावर पाकीट तपासलं. होतं.

१३ सप्टेंबर

सगळं नीट लिहून काढते.

सॅकचा कमरेचा पट्टा परवापासून डावीकडे टोचत होता. आज बेडवर उलटा करून चाचपला. पट्ट्याच्या डावीकडच्या गादीत काहीतरी आहे. बारीक, गोल, टणक. एक नाही, खूप. बोटांनी दाबलं की घरंगळतात. भोवती कापूस असावा, मऊ लागतं.

नशेच्या गोळ्या!

आतल्या बाजूने शिवण उसवून परत शिवलेली आहे. कारखान्यातली नव्हे, हाताची. टाके इतके बारीक, इतके एकसारखे की नखाने शोधावे लागले, आणि शेवटी दोन गाठी. सराईत हात. सॅकची शिवण राखाडी, हा दोरा निळा. सुईवालीने शिवलेला मोजा काढून शेजारी धरला — तोही निळाच.

पाचावर धारण बसली. मावशी निघताना फोनवर घोकून घेत होती, "कुणाचं काही हातात घ्यायचं नाही, त्या मुली आत जातात आणि बाहेर येत नाहीत." मी तिला हसले होते. उद्या बसने सीमा ओलांडायची आहे. त्या रस्त्याला पोलीस कुत्री घेऊन बसमध्ये चढतात, हे सांगितलं कुणी? सुईवालीनेच. हसत हसत!

उघडून बघायचं नाही. उघडलं, बोटांचे ठसे उमटले, की ते माझंच झालं.

खाली जाऊन रिसेप्शनवाल्याला सांगितलं, त्या मुलीने माझ्या सॅकला हात लावलाय. आत काय आहे ते सांगितलं नाही. म्हटलं, तिच्याकडे तसल्याच गोळ्या निघाल्या तर माझी सुटका.

त्याने तिची सॅक सगळ्यांसमोर टेबलावर रिकामी केली. कपडे. आतले कपडे. सुयांची डबी. दम्याचा पंप. तिच्या कुत्र्याचा फोटो. बाकी काही नाही. बूट घालून झोपणारी इथेही आहे, ती उभी राहून बघत होती. सुईवाली एकेक वस्तू परत भरत गेली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला विचारायचंस ना."

विचारायचंस म्हणे! आणि तू खरं सांगितलं असतंस?

१४ सप्टेंबर

पहाटेच स्वयंपाकघरातल्या कात्रीने पट्ट्याची डावी बाजू कापली. मोज्यांचा दुसरा जोड हातमोज्यांसारखा घालून. अख्खी गादी, शिवणीसकट. ब्रेडच्या कागदात गुंडाळून रस्त्याच्या टोकाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. तरी पाय निघेना. कुणी काढून बघितलं तर? समोरच्या बाकावर बसून राहिले. कचऱ्याची गाडी आली, डबा उचलून उलटा केला, आतून दाबल्याचा आवाज आला. मगच उठले.

सुईवाली झोपली होती. निरोप घेतला नाही.

संध्याकाळी, नवा देश — पोलीस चढले! कुत्र्याने माझी सॅक हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या सीटकडे गेला. पोलीस म्हणाला, "प्रवास सुखाचा होवो." मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी नेहमी म्हणते, माझं डोकं शाबूत आहे म्हणून मी शाबूत आहे. घरच्यांना वाटतं मी उगाच संशय घेते.

१६ सप्टेंबर

सुईवालीचा मेसेज. "दुसरा मोजा शिवायला दिला होतास, माझ्याकडेच राहिला. कुठे आहेस? पाठवते."

म्हणजे मी पत्ता कळवायचा! इतकी काही मी दूधखुळी नाही. ब्लॉक केलं.

नंतर बराच वेळ एका पायात मोजा घालून बसले होते.

१७ सप्टेंबर

कमरेला आधार नाही म्हणून सगळं ओझं खांद्यावर येतं. उजवा खांदा सोलवटलाय.

१९ सप्टेंबर

आईचा फोन. गळा अजून मोकळाच. "सॅक आहे ना जवळ?" म्हटलं, आहे, पण खांदे गेलेत माझे. कमरेचा पट्टा एका बाजूने फाटला होता, कापून टाकला.

कॅमेरा पुन्हा पंख्याकडे.

मग म्हणाली, "डावी बाजू का गं?"

"हो."

"टाकून दिलीस?"

"हो, कचऱ्यात. का?"

"काही नाही. असू दे." आणि लगेच, "अडीअडचणीला कळव हं, संकोच करू नकोस. जेवलीस का?"

जेवले म्हटलं. फोन ठेवला. बाटली भरायला नळापाशी गेले आणि तिथेच उभी राहिले. डावी बाजू मी तिला सांगितलीच नव्हती.

गोळ्या नव्हत्या त्या. मणी होते.