बोटीतली रांगोळी

आत्याबाई,

तुमची राखेची युक्ती मी परवा बोटीत वापरली. राख नव्हती, घरात चूलच उरली नाही तर राख कुठली, म्हणून देवापुढची रांगोळी घेतली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की बोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मचवाच येईल. ही तसली नाही. तुमच्या नातवानं, म्हणजे माझ्या मुलानं, अलिबागच्या एका बंगलेवाल्याकडून जुनी घेतलेली, पांढरी, फायबरची. हिचं इंजिन बोटीच्या पोटात, अगदी मागे, आणि पंखा बाहेर पाण्यात, शेपटीसारखा खाली सोडलेला. इंजिन आत आणि शेपटी बाहेर म्हणजे मागच्या भिंतीला भोक आलंच. त्या भोकाला घड्याघड्यांचं रबर असतं, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं, पाणी आत येऊ नये म्हणून. शिवाय तळाशी एक बूच. बोट जमिनीवर काढली की ते उघडून आतलं पाणी सोडायचं आणि खाडीत घालण्याआधी पान्यानं आवळायचं. एवढं सगळं सांगते आहे, कारण जे झालं ते या बुचावरून झालं. खरं तर माझ्या जिभेवरून झालं.

बोट चालवते ती माझी सून. मुलगा कंपनीत पाळीला जातो, त्याच्या वाट्याला फक्त सुट्टीचा दिवस. ती माणगावकडची, भातशेतीच्या घरातली. समुद्र तिनं नीट पाहिला तो लग्नानंतर. पण अलिबागला खेपा घालून परवाना काढला तिनंच, आणि रेवदंड्याच्या खाडीत पर्यटकांना फिरवून आणते तीच. लोकांना मी हे कौतुकानं सांगायचे आणि घरात मात्र उन्हानं रापलेलं तोंड, स्वयंपाकाला झालेला उशीर, असं काही ना काही उकरून काढायचे. बोटीबद्दल मी स्वतःहून एकच गोष्ट मागितली होती. पावसाळ्यात ती आपल्या वाडीत ताडपत्रीखाली उभी होती, तेव्हा सुताराला बोलावून तिच्या मागच्या भिंतीला आतून एक फळी मारून घेतली. फळीखाली लाल वस्त्र सोडलं आणि वर पितळेचा लहानसा गणपती बसवला. इतकी माणसं पाण्यावर न्यायची, तर देव सोबत नको का?

पाऊस सरला, बोट खाडीत उतरली आणि आत पाणी येऊ लागलं. विचित्र असं की रिकामी बोट धक्क्याला दिवसभर बांधून ठेवा, थेंब नाही. माणसं बसवून फेरी मारून या की इंजिनाखाली तळं. मिस्त्री आला, त्यानं ते भात्यासारखं रबर बदललं, नळ्या तपासल्या. पाणी येतच राहिलं. मग एके सकाळी बोट परत आली ती मागून बसलेली. पुण्याची एक बाई पोराला मांडीवर घेऊन, पाय बाकावर ओढून बसली होती आणि तिची एक चप्पल बोटीतल्या बोटीत तरंगत होती. धक्क्यावर जाळं शिवत बसलेला कोळी मला म्हणाला, "काकी, ही बोट हाय का हौद? मासं सोडा आत, धंदा तरी व्हईल." सगळे हसले. ते हसू मला झोंबलं आणि सगळ्यांदेखत मी सुनेवर घसरले.

"बूच लावायला विसरलीस ना? चिखलात भात लावणाऱ्यांना बोटी कोणी चालवायला सांगितल्या!"

ती हातात दोर घेऊन उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "बूच लावलंय, आई. तुमच्यासमोर लावलं."

आत्याबाई, लावलं होतं. मी पाहिलं होतं. बोट खाडीत घालताना उतारावर मी फुलं घेऊन उभी होते, तेव्हा तिनं ओणवं होऊन पाना फिरवला आणि मग पंजानं एकदा चाचपून पाहिलं. तिची बांगडी बोटीवर घासून वाजली, तेसुद्धा मला त्या क्षणी आठवत होतं. तरी मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." कोळ्यानं हसायचं थांबवून मान जाळ्यात घातली, यावरूनच मला कळायला हवं होतं.

संध्याकाळी तिनं बोटीची चावी आणून देव्हाऱ्यात समईशेजारी ठेवली. "आता दुसरं कोणी बघा, आई." बस्स. भांडली असती तर मलाही भांडता आलं असतं. पुढचे दिवस तिनं भाकऱ्या केल्या, वाडीतल्या सुपाऱ्या सोलल्या, माझ्याशी कामापुरतं बोलली. मुलगा म्हणाला, विकून टाकू बोट. तिनं ऐकलं आणि पुढची सुपारी सोलायला घेतली. मी देव्हाऱ्यापुढे बसायचे आणि डोळे मिटले की चावीच दिसायची.

तेव्हा मला तुमची दोण आठवली. वाडीत रहाट चालू होता तेव्हाची गोष्ट, मी नवीच या घरात आलेली. रहाट ज्या दगडी दोणीत पाणी ओततो, तिथून पाटानं पोफळींकडे पोचेपर्यंत निम्मं पाणी गायब. घरातले सगळे म्हणताहेत, नव्या सुनेनं दोणीच्या भोकात चिंध्यांचा बोळा धड बसवला नाही. मी चुलीपुढे डोळे पुसते आहे आणि धुराचं निमित्त करते आहे. तुम्ही आत येता, माझ्याकडे न बघता चुलीतली गार राख सुपात भरता आणि म्हणता, "चल. आधी कोरडी करू. मग कोणाचं नाव घ्यायचं ते घेऊ." रहाट थांबतो. दोण रिकामी करून आपण दोघी ती आतूनबाहेरून पुसतो, उन्हात सुकू देतो. मग तुम्ही बाहेरच्या अंगाला राख फासता आणि मला आत पाणी सोडायला लावता. बोळा कोरडा. तळ कोरडा. कोपऱ्यात मात्र राखेतून एक काळी रेघ हळूहळू खाली उतरते. ती निघते तिथे दगडावर तांब्याचा ओरखडा आहे. थोड्याच दिवसांपूर्वी माझ्या हातून तांब्याचा हंडा आपटला होता, तीच जागा. तुम्ही ओरखडा पाहता, मला पाहता, आणि त्यावर चुना थापून अंगठ्यानं दाबता. अंगणात येऊन सगळ्यांना सांगता, "दगड जुना. झिजला." पुढे कधीही, रागाच्या भरातसुद्धा, तुम्ही त्या हंड्याचा विषय माझ्यासमोर काढला नाहीत.

तर परवा, मुलाच्या सुट्टीच्या दिवशी, मीच म्हटलं, चला धक्क्यावर. जुनं लुगडं फाडून बोटीचा तळ पुसला, तेलकटपणा जाईपर्यंत पुसला. सूनही आली, बोलावलं म्हणून आली. बुचाभोवती, रबराभोवती, मागच्या भिंतीवर हात पोचेल तिथे मी रांगोळी भुरभुरवली. माणसं बसली की मागची बाजू खाली दबते, पाणी त्याशिवाय येत नाही, एवढं माझ्या डोक्यात आलं होतं. म्हणून माणसांच्या जागी वाडीतल्या नारळांची पोती मागच्या बाकावर रचली. मुलगा चहा आणायला गेला. आम्ही दोघी इंजिनावर वाकून बसलो, एकमेकींकडे न बघता. बुचापाशी रांगोळी पांढरीशुभ्र. रबरापाशीही पांढरीच. आणि मग वरून, लाल वस्त्राच्या खालून, एक करडी रेघ भिंतीवरून सावकाश खाली आली.

त्या वस्त्राला कोणी हात लावला नव्हता. मिस्त्रीनंसुद्धा नमस्कार करून कडेकडेनंच काम केलं होतं. देवाखालचं कोण उचकटून बघणार? सुनेनं गणपतीला हात लावून कपाळाला लावला आणि वस्त्र उचललं. फळीच्या स्क्रूचं डोकं तांबड्या गंजानं फुगलेलं, आणि त्याच्या कडेनं पाणी पाझरत होतं. ते स्क्रू तुम्ही ओळखले असतेत, आत्याबाई. तुमच्या झोपाळ्याच्या पट्ट्यांचे. झोपाळा काढला तेव्हापासून मी डब्यात जपून ठेवले होते. सुतार म्हणाला होता, "काकी, बोटीला न गंजणारं लागतात. आनि हे लय लांब हायेत." मी म्हटलं होतं, "घरात असताना विकत कशाला? लांब तर बरेच, देव हलायला नको." ते भिंतीतून पार झाले होते. बाहेर, पाण्यात उतरायला मागे पायरी असते तिच्याखाली, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे त्यांची टोकं निघाली होती. माणसं बसली की ही टोकं पाण्याखाली जायची.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी पोत्याकडे पाहिलं. तेवढ्यात मुलगा चहा घेऊन आला, "सापडलं का काही?" म्हणाला. तिनं तळहातानं ती रेघ पुसून टाकली. "सापडलं. मागच्या भिंतीला बारीक भोक होतं. जुनी बोट, व्हायचंच." दोणीची गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही, आत्याबाई. माझा हंडा त्यात होता, म्हणून कोणालाच सांगितली नाही. मी चहा घेतला. गोड होता, चांगला होता, आणि मी तो सगळा प्यायले.

दुरुस्ती तिनंच केली. बोट उतारावर ओढून घेतली, स्क्रू काढले; त्यांच्यामागून फायबरच्या आतल्या कुजक्या लाकडाचा ओला, काळा भुसा आला. आतलं लाकूड घट्ट लागेपर्यंत तिनं भोकं कोरली आणि केस वाळवायच्या यंत्रानं वाळवली. लग्नात तिला ते मिळालं तेव्हा मी त्याला उधळपट्टी म्हणाले होते. मग दोन्ही अंगांनी भोकांत लांबी भरली, सुकल्यावर घासली, पुन्हा पोती रचून पाहिली. कोरडी. गणपती तिनं पुढे सुकाणूपाशी चिकटपट्टीनं बसवला. देवाला चिकटपट्टी, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

मी मॅट्रिक झालेली म्हणून घरचा हिशेब तुम्ही माझ्या हाती दिलात, तेव्हा एकच गोष्ट बजावली होती: पैसा हातातून गेल्याशिवाय खर्चाला लिहायचं नाही. ते मी आजवर पाळलं. देवापुढे माफी मागून झाली आहे, रोज मागते. तुमच्यापुढेही ही मागते आहे. पण तुम्ही दोघंही उत्तर देत नाही, म्हणून तर ते जमतं. आज तिचीही माफी मागितली, असं एक वाक्य या कागदाच्या शेवटी लिहायचं मनात होतं. लिहीत नाही. लिहिलं की झाल्यासारखं वाटेल, आणि अजून हातातून काही गेलेलं नाही.

ती आत्ता अंगणातून हाक मारते आहे. "आई, भरती लागली, बोट उतरवायची. फोडायला नारळ घेऊन येताय ना? आणि येताना तेवढी चावी आणा." धक्क्यावर तो कोळी बसलेला असणार. ज्याच्यासमोर तिला बोलले, त्याच्याचसमोर सांगायला हवं, हे मला कळतं आहे. पण खरं सांगू का, आत्याबाई? मी नुसती चावी तिच्या हातात ठेवली तरी ती समजून घेईल. आणि काटकसरीची सवय मुरलेली मी तेवढ्यावरच भागवेन, याची मला भीती वाटते.