आबांसाठी तुझी हाक

पुणे

आईला दीक्षाचा जय भीम,

फोनवर माझा आवाज कापतो, म्हणून समाधानदादाजवळ ही चिठ्ठी देतेय. आबांचा ताप उतरलाय. घशातली नळी सहन व्हावी म्हणून आयसीयूत त्यांना औषधाने झोपवून ठेवलंय. तुझा गुडघा कसा आहे?

रोज सकाळी औषध थांबवतात आणि सिस्टर हाक मारतात, "तात्याराव, डोळे उघडा." आबा उघडत नाहीत. डॉक्टर म्हणतात, वेळ लागतो. काल मी "आबा" म्हटलं, तरी पापणी हलली नाही.

घरात त्यांना नावाने कोण हाक मारतं? दादाच्या मोबाइलमध्ये तुझं "अहो, चहा निवतोय" रेकॉर्ड करून दे. नेहमीसारखं, जरा चिडून. रडू नकोस, ते घाबरतील.

तुझ्या हाकेला आबांनी ओ दिली नाही, असं कधी झालंय का?

तुझी,
दीक्षा