पुढे तोंड करून बसणारा

८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आई-बाबांची खुशाली कळली, वहिनीचा गुडघा आता बरा आहे हेही कळलं. मी मजेत आहे. फोन सोडून पत्र का, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू आधी हसतोस आणि मग ऐकतोस. या वेळी मला आधी ऐकणारा हवाय.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकतो. दाढ काढली, आता दुखत नाही. खोलीतल्या पंख्याला तू सांगितलंस तसं तेल घातलं. कुरकुर थांबली, पण वाराही थांबला. तेव्हा तुझी कारागिरी गाड्यांपुरतीच ठेव. आणि कप्तानपदाची बातमी खरी आहे. परवा मतदान झालं. पुढचं वर्षभर कॉलेजच्या नौकानयन संघाचा कप्तान मी.

एव्हाना तू गॅरेजभर सांगत सुटला असशील. जरा दम धर, मलाच ते अजून पचलेलं नाही. कप्तान म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तू येतोस. गाडीखालून एक हाक मारतोस आणि पोरं हातातला पाना टाकून धावत येतात. मी बोटीतला सगळ्यात हलका माणूस. बाकीचे आठ जण पुढे पाठ करून वल्ही मारतात आणि मी त्यांच्यासमोर बसून सुकाणू सांभाळतो, ओरडून ताल देतो. पुढची नदी दिसते ती मला एकट्याला. तेवढंच माझं भांडवल.

आणि हा आवाज. आठवतं ना, मी घरचा फोन उचलला की पलीकडून "ताई, बाबांना द्या जरा" असं यायचं? मग तू मला मागच्या खोलीत नेऊन शिकवायचास. "छातीतून बोल रे बारक्या. पुरुषासारखा बोल." मला त्याचा राग कधीच आला नाही. तू माझ्यासाठी वेळ काढतोस याचंच अप्रूप वाटायचं.

तर झालं असं की कप्तान म्हणून माझं नाव पुढे आलं आणि मी ठरवलं, आता कप्तानासारखं वागायचं. सरावाला जाड आवाज काढायला लागलो. घसा बसला, पण हट्ट सोडला नाही. वल्ही एकमेकांवर आपटायला लागली. शेवटी बोट पुलाच्या खांबाला घासली आणि एका बाजूचा रंग खरवडून निघाला. आमच्या प्रशिक्षक बाई काठाकाठाने सायकलवरून येत असतात. त्यांनी मला धक्क्यावर बोलावून घेतलं.

"हा कुणाचा आवाज काढतोयस?"

"माझ्या दादाचा."

"दादा काय करतो?"

"गॅरेज आहे त्याचं."

"मग तो आवाज गॅरेजात चांगलाच असेल. इथे पाण्यात बुडतो. शेवटच्या बाकावरच्याला काही ऐकू जात नाही. तुझा बारीक आवाज थेट टोकापर्यंत जातो, म्हणून तर तुला इथे बसवलंय."

दादा, त्या दिवशी मी जेवलोसुद्धा नाही नीट. इतकी वर्षं मला वाटायचं की आवाज जाड नाही म्हणून मी कुणाला पुढे नेण्याच्या लायकीचा नाही. पण खरं सांगायचं तर भीती आवाजाची नव्हती. तो ऐकून लोक माझ्याबद्दल जे ओळखतील त्याची होती.

तुझा शेवटचा प्रश्न मी अजून टाळलाय, तुझ्या लक्षात आलंच असेल. "कुणी मुलगी पाहून ठेवली आहेस का?" आवडणारं माणूस आहे, दादा. पण मुलगी नाही, मुलगा आहे. वास्तुकलेला आहे, इमारतींच्या प्रतिकृती चिकटवून बोटांना कायम डिंक लागलेला असतो, आणि विनोद त्याला सगळे हसून झाल्यावर कळतो. त्याच्याजवळ मला आवाज सांभाळावा लागत नाही. हे वय सरेल तसं जाणारं काही नाही. मी आहेच असा, तू मागच्या खोलीत शिकवायचास तेव्हाही होतो.

मतदानाआधी बोट धुताना मी हे संघाला सांगितलं. म्हटलं, नंतर कळून कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. मग आमचा लांबू, बोटीत माझ्या अगदी समोर बसतो तो, म्हणाला, "म्हणजे आता पहाटे दार वाजवून आम्हाला उठवणं बंद करणार का?" मी म्हटलं, नाही. "मग आम्हाला काय उपयोग," असं म्हणून त्याने बादली माझ्याच पायावर ओतली. एक जण मात्र तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. सगळं गोडगोड झालं असं तुला वाटू नये म्हणून तेही लिहिलं.

संघाला मी एका दमात सांगून टाकलं. हे पत्र मात्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. संघ नाही म्हणाला असता तर मी दुसरा खेळ शोधला असता. दुसरा दादा कुठून आणू?

येत्या रविवारी सकाळी शर्यत आहे. गॅरेज बंद ठेवून सगळ्यांना घेऊन येतो म्हणाला होतास, ते हे सगळं माहीत नसताना. त्या शब्दात मी तुला अडकवत नाही. पण आलास तर शर्यत संपते त्या शेवटच्या धक्क्यावर उभा राहा. बाकीच्या आठांची तिकडे पाठ असते. तू आलास की नाही हे बोटीतून फक्त मलाच दिसेल. धक्का रिकामा दिसला तरी बोट मी सरळच नेईन, ती काळजी करू नकोस. आणि ओरडेन ते माझ्याच आवाजात. तो तिथवर ऐकू येतो.

तुझा,
तोच
बारक्या