कॅमेऱ्याला घरचा पट्टा

२७ सप्टेंबर १९६४, मु. धाड
भुसावळचे दीर येऊन गेले. रेल्वेत आहेत, हात सैल. स्वतःला नवा कॅमेरा घेतला म्हणून जुना आम्हाला ठेवून गेले. काळा, पेटीसारखा. काच चांगली, खटका चांगला. फक्त हातात धरायचा पट्टा चामड्याचा, वाळून कडक झालेला. यांनी कौतुकाने गावभर मिरवला आणि बोटांवर वळ घेऊन घरी आले. म्हणाले, बुलढाण्याला स्टुडिओत मऊ पट्टा मिळतो, शनिवारी शाळा सुटली की आणतो.
मी म्हणाले, पितृपक्ष चालू आहे. नवी वस्तू घरात येणार नाही.
हे मास्तर असले तरी शास्त्राची आठवण मलाच करून द्यावी लागते. पैशाचा प्रश्न नाहीच.

२९ सप्टेंबर
सुलतानपूरहून कडूबा आला. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचा, रुख्मिणीमावशींचा मुलगा. मावशींनी अंथरूण धरले आहे. उठून बसता येत नाही. सारखे एकच म्हणतात, धाकट्या बहिणीचे, अन्नपूर्णेचे तोंड पाहायचे आहे.
सासूबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. पण एस.टी.त बसायचे नाव काढू देत नाहीत. मागे एकदा मेहकरच्या वळणावर पुढची लोखंडी दांडी हातातून निसटली आणि बाई सीटवरून खाली, लोकांच्या कोंबड्यांवर. तेव्हापासून एस.टी. बंद, आणि बहिणीची भेटही बंद.
कडूबा सासूबाईंकडे बोट करून म्हणाला, मंग फोटो तरी पाठवा मावशीचा.
सासूबाईंनी आजवर फोटो काढू दिलेला नाही. फोटोने आयुष्य कमी होते म्हणतात. आज मात्र म्हणाल्या, "काढा व माय एकदाचा. रुखमीसाठी काढतो. पण एकच. अन् दसऱ्याले काढजो, त्या दिशी लुगडं नवं राह्यते."
फोटो मी काढणार. यांचे हात खडूने खरखरीत झालेले. बाईमाणसाचा हात स्थिर असतो.

१ ऑक्टोबर
विचार केला. हात दुखला की हलतो, हात हलला की फोटो हलतो. म्हणजे सगळे पट्ट्यावर आहे. शिवाय खंडेनवमीला घरातली हत्यारे पुजतो, तेव्हा कॅमेराही देवापुढे मांडावा लागणार. चामडे देवघरात कसे चालेल? पट्टा सुती हवा, आणि घरचाच हवा. जुन्या कापडाचे केले तर ते नवे धरत नाहीत, म्हणून पितृपक्षाचीही अडचण नाही.
जुन्या लुगड्याचा काठ दुहेरी शिवून बांधला. सुरेख दिसतो. खर्च काही नाही.

१ ऑक्टोबर, संध्याकाळ
काठ रेशमी असल्यामुळे मनगटावरून घसरतो. कॅमेरा ओट्यावरून पडला. खाली शेण होते म्हणून वाचला. देवाची कृपा. यांना सांगितले नाही. कॅमेरा ओला का, असे यांनी विचारले, तर मी पुसून ठेवला म्हणाले. खोटे नाही.

३ ऑक्टोबर
वासराचे जुने दावे मऊ झाले होते, ते धुऊन, वेणी घालून बांधले. अगदी पक्के. हातात घेऊन दारात उभी राहिले, तर शेजारच्या झुंबरबाई म्हणतात, "काय मास्तरीणबाई, कॅमेरा चाराले नेऊन राह्यल्या का?"
झुंबरबाईंना मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईचे पाहवत नाही. दावे काढून टाकले ते मात्र त्यांच्यामुळे नाही. त्याला वास येत होता.

६ ऑक्टोबर, घटस्थापना
घट बसले. माझे उपास. पितृपक्ष संपला म्हणून आज यांनी पुन्हा बुलढाण्याचे काढले. मी म्हणाले, नवरात्रात चामडे? यांनी पिशवी परत खुंटीला लावली. यांचा स्वभाव मुळात ऐकून घेण्याचा आहे.
दुपारी सुचले. पलंगाची नवार! रुंद सुती पट्टी, चिवट, बोटाला कापत नाही. उरलेला तुकडा फडताळात होताच. त्यात सरकी काढलेला कापूस भरायचा.

९ ऑक्टोबर
पट्टा झाला. माझ्या हातावर माप घेऊन शिवला. बोटे आत घातली की गादीवर ठेवल्यासारखी वाटतात. टोक उघडे राहत होते, म्हणून तिथे तोरणाच्या उरलेल्या काळ्या लोकरीचा गोंडा लावला. चांगला लिंबाएवढा. गोंड्याशिवाय वस्तूला घरपण येत नाही.
यांचा हात आत गेला नाही. म्हणाले, पट्टा आहे का बांगडी? म्हणजे आवडला.
सासूबाईंनी हातात घेऊन दोनदा दाबला. "गादीवानी हाय," म्हणाल्या. त्या कोणाला सहसा बरे म्हणत नाहीत. मला पोळ्यांबद्दलही कधी म्हणाल्या नाहीत.

११ ऑक्टोबर
रोज सराव चालू. रोल घातलेला नाही. सरावात रोल वाया घालवणारे लोक असतील, आपण नव्हे. कॅमेऱ्यावरच्या छोट्या खिडकीतून पाहायचे, श्वास धरायचा, खटका दाबायचा. आज तुळशीचे, गाईचे आणि झुंबरबाईंच्या पाठीचे फोटो काढले. हात तसूभर हलला नाही. सगळे उत्तम आले असते.
हे म्हणाले, एकदा रोल घालून पाहावे. मी म्हणाले, खिडकीतून मला स्वच्छ दिसते आहे, आणखी काय पाहायचे?

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी
विळी, कोयता, शिवणाची कात्री, यांची छडी आणि कॅमेरा, सगळे देवापुढे मांडले. हळदकुंकू पट्ट्याला लावले, काचेला लावले नाही. इतके मला कळते. गोंड्यावर झेंडूचे फूल खोचले. चामड्याचा असता तर आज बाहेर पडवीत बसला असता.

१५ ऑक्टोबर, दसरा
यांनी आणलेला रोल घातला. सासूबाई हिरवे लुगडे नेसून तुळशीजवळ बसल्या. इतक्या ताठ की मला आधी ओळखू आल्या नाहीत. म्हणाल्या, "रुखमीले मी म्हातारी दिसाले नको पाह्यजे." त्यांच्या तोंडावर लहान मुलीसारखे काहीतरी आले होते. खिडकीतून मी ते नीट पाहिले आणि बरोबर तेव्हाच खटका दाबला.
मग उरलेल्या रोलात हे, गाय, झुंबरबाई (स्वतःहून येऊन उभ्या राहिल्या), आपट्याची पाने वाटणारी शाळेची मुले. हात अजिबात दुखला नाही. पट्टा म्हणजे असा हवा.
बुलढाण्याच्या स्टुडिओवाल्यांनी पाहिला तर विकायला मागतील. दिवाळीच्या आत दहाएक शिवून होतील. नवार पुरणार नाही, बाजारात पाहावी लागेल.

२१ ऑक्टोबर
हे फोटो घेऊन आले. स्टुडिओवाला विचारत होता म्हणे, मास्तर, सगळ्या फोटोंत हे मांजर कोणाचे आहे?
मांजर कसले. गोंडा.
काचेच्या पुढे लोंबत होता. माझी खिडकी वर, काच खाली. मला दिसणार कसा? कॅमेऱ्याची रचनाच चुकीची आहे. गाईला गोंडा शोभून दिसतो. यांना काळी दाढी आली आहे. झुंबरबाई पूर्ण झाकल्या आहेत, तो फोटो त्यातल्या त्यात बरा.
सासूबाईंच्या फोटोत गळ्यापासून वर गोंडाच आहे. खाली लुगड्याचा काठ अगदी ठळक आला आहे. हे मी दाखवून दिले.
सासूबाईंनी फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "पाय माहेच हायेत," म्हणाल्या. "रुखमी ओळखीन पायावरून."
मग फोटो देव्हाऱ्याखाली ठेवून दिला. जेवल्या नाहीत. पोट बरे नसेल.

२२ ऑक्टोबर
पोट बरे आहे. मीच विचारले. म्हणाल्या, "आता दुसरा काढू नोको. रुखमीच्या नशिबात माहं तोंड नाही."
मी विहिरीवर गेले आणि भांडी पुन्हा एकदा घासली. स्वच्छ होती तरी.

२३ ऑक्टोबर
यांनी ठरवले, आईला सुलतानपूरला न्यायचे. रविवारी. एस.टी.ने. नवा रोल घातला, दोघी बहिणींचा एकत्र फोटो घ्यायचा, आणि तो मीच काढायचा म्हणाले. मी गोंडा मागच्या बाजूला टाचून टाकला. कापला नाही. इतक्या मेहनतीचा आहे.
सासूबाई नाही म्हणत आहेत. दांडी निसटते, पडेन, म्हणतात.

२५ ऑक्टोबर, रविवार, पहाटे
सासूबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, "त्या डब्ब्याचा पट्टा दे मले. तो मऊ हाय. दांडीले बांधजो, त्यात हात घालून बसतो."
माझा पट्टा! त्यांनी तोंडाने मागितला! ताबडतोब कॅमेऱ्याचा सोडवून पिशवीत वर ठेवला. अंगारा, दशम्या, पाण्याचा तांब्या, सगळे घेतले. निघतो.

२५ ऑक्टोबर, रात्री, सुलतानपूरहून परत
सासूबाई पडल्या नाहीत. मेहकरच्या वळणावर डोळे मिटून घेतले, पण हात पट्ट्यात पक्का. कंडक्टर म्हणाला, "आजीबाई, घरून लगाम आनला का?" सासूबाई म्हणाल्या, "हाव, माह्या सुनेनं शिवला." सगळी एस.टी. ऐकत होती.
रुख्मिणीमावशी खाटेवर पडून होत्या. सासूबाई उशाशी बसल्या. मावशींनी त्यांचे तोंड दोन्ही हातांत धरले आणि म्हणाल्या, "अवं अन्ने, तू तं म्हातारी झाली वं!" सासूबाई म्हणाल्या, "अन् तू काय पोरगी राह्यली?" मग दोघी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या.
हे हळूच म्हणाले, आता काढ.
मी पिशवीत हात घातला. पट्टा होता. दशम्या होत्या. तांब्या होता.
कॅमेरा घरी खुंटीवरच राहिला.
यांनी माझ्याकडे पाहिले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. खांदे हलत होते. खोकला असेल.
मावशींनी पट्टा हातात घेतला. हे काय, म्हणाल्या. कडूबाने तो उशाजवळ, खाटेच्या कडेच्या लाकडाला बांधून पाहिला. मावशींनी आत हात घातला, ओढ घेतली, आणि उठून बसल्या. बसून बहिणीकडे पाहत राहिल्या. सासूबाईंनी दशमी मोडून त्यांच्या तोंडात घातली.
निघताना पट्टा परत मागायचा मला धीर झाला नाही. येताना सासूबाईंनी दांडी सोडून माझा हात धरला.

२८ ऑक्टोबर
यांनी कॅमेऱ्याला सुतळी बांधली. मी हातात धरून पाहिला. मुद्दाम अंगणातून तीन फेऱ्या मारल्या. टोचत नाही. मुळात त्याला वजनच काय आहे.
सासूबाईंचा फोटो काढू का विचारले. "आता कायले? रुखमीनं मले पाह्यलं," म्हणाल्या. पायांचा फोटो मात्र देव्हाऱ्याखालून काढू देत नाहीत.

१ नोव्हेंबर
कडूबा बैल पाहायला धाडच्या बाजारात आला होता. मावशींचा निरोप आणला. पट्टा फार चांगला आहे, खाटेच्या दुसऱ्या बाजूलाही एक हवा, सूनबाईने तसाच शिवून द्यावा.
मी यांच्याकडे पाहिले. यांनी मान डोलावली. झुंबरबाईही दारात होत्या, त्यांनीही ऐकले.
कापूस काढला, नवार मोजली, लोकर शोधायला फडताळ उघडले.
कडूबा म्हणाला, "गोंडा नोका लावू वहिनी. आई झोपली का तोंडावर येते."