बसची पायरी

रविवार, संध्याकाळ

आई भजनाला म्हणून निघाली आणि लगेच परत आली. जिन्यात पिशवीतले टाळ वाजले तेव्हाच कळलं. बसची पायरी उंच, गुडघा वर जाईपर्यंत बस निघून गेली.

व्हिएन्नात दादाकडे होती तेव्हा रोज एकटी ट्रामने फिरायची. भाषा येत नव्हती, पण पायरी चढावीच लागत नव्हती. दार थेट फुटपाथच्या पातळीला. मीच हट्टाने तिला नेरुळला आणलं, इथे आपली माणसं आहेत म्हणून. पायरीचा विचार कुठे केला होता मी?

"मला सांगायचं ना, गाडीने सोडलं असतं."

"सोडलं असतंस गं. पण मला जायचं होतं."

तिने टाळ कपाटात ठेवून दिले. मी अजून गाडीची किल्ली हातात घेऊन बसलेय.