गुडघ्याची शिकवणी

महाल, नागपूर
आषाढातला पहिला रविवार

तीर्थस्वरूप इंदुताईस धाकट्या देवरावचा दंडवत (वाकता येत नाही, म्हणून कागदावरच).

तुझी तब्येत बरी असेल, कामठीतल्या विजेच्या लाइनीचा लपंडाव थांबला असेल आणि भाऊजींचा खोकलाही उतरला असेल, असं धरून चालतो. माझं विचारशील तर उजवा गुडघा महिनाभर सुजलेला आहे. डॉक्टर म्हणाले, सांध्यात बारीक खडे झालेत. युरिक ॲसिडचे असतील तर मटण बंद, कॅल्शियमचे असतील तर खाण्याशी त्यांचं देणंघेणं नाही. तुझ्या भावजयीनं, कामिनीनं, निकालाची वाट न पाहताच मटण बंद केलं. महिनाभर दोडका! (दोडक्यावर माझा राग नाही, तोही मला पाहून कंटाळला असेल.) आणि तुझ्याकडची मटणाची आखाडी आली दहा दिवसांवर. तुझ्या हातच्या तर्रीदार रश्श्याशिवाय आखाडी म्हणजे काय, हे मला साठ वर्षांत माहीत नाही.

आपल्या शेंडेफळ मार्तंडची लेक नूपुर नेमकं याच रोगावर संशोधन करते. गुडघ्यातलं थेंबभर पाणी सुईनं काढायचं, चुंबकांच्या मध्ये ठेवायचं आणि त्यातून उजेड सोडायचा. युरिक ॲसिडचे खडे सुयांसारखे असतात, त्या सुया वळून एका रांगेत उभ्या राहतात, तसा उजेड बदलतो; कॅल्शियमचे खडे तसे वागत नाहीत. (शेवटचा शब्द डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाचा, हे तिनं दहादा बजावलं.) आता कोराडीच्या वीजकेंद्रात तीस वर्षं काढलेला माणूस चुंबकाला घाबरणार होय? मी जुन्या स्पीकरचा चुंबक काढला आणि रोज सकाळी गुडघ्यावर फिरवत खड्यांना दम देऊ लागलो, की कितीही ओढ लागली तरी जागचं हलायचं नाही. तपासणीच्या दिवशी शेवटची उजळणी म्हणून तो पँटच्या आत बांधूनच गेलो.

तिथल्या लोखंडी पलंगावर बसायचा अवकाश, चुंबकानं पलंगाचा पाय धरला. मी उठलो, तर चाकांचा तो पलंगही माझ्यासोबत निघाला. दारापर्यंत आम्ही दोघं गेलो.

"मोठे बाबा, हे काय बांधून आले तुम्ही? काहून?" नूपुर ओरडली.

"आठ दिवसांपासून गुडघ्याची शिकवणी घेऊन राहिले वं हे!" कामिनीनं सगळं सांगून टाकलं.

असो. निकाल कॅल्शियमचा लागला! सूक्ष्मदर्शकानंही तेच म्हटलं. शिकवणीचा काही संबंध नाही, असं नूपुर म्हणते. (लोकांना दुसऱ्याच्या मेहनतीचं कौतुक नसतं.) भाऊजींना नमस्कार.

तुझा देवराव

ता. क. : त्याच दिवशी कामिनीच्या पायाचा अंगठाही तपासला. तिच्या सुया मात्र शिस्तीत रांगेत उभ्या राहिल्या. महिनाभर स्वतःचा ठणका लपवून ती माझ्यासाठी दोडका शिजवत होती, ताई. मला फार वाईट वाटलं. मी तिथेच शब्द दिला, की तू खाणार नाहीस तर मीही मटणाला शिवणार नाही. तिचे डोळे भरून आले. तेव्हा आखाडीला आम्हा दोघांसाठी वरणभातच कर.

आणखी ता. क. : आखाडीच्या आदल्या बुधवारी बँकेच्या कामाचं निमित्त काढून मी एकटाच बसनं येतो. अर्धा किलो पुरे. हे पत्र वाचून झाल्याबरोबर चुलीत घाल.