सापसुरळीने न ओलांडलेला डोंगर

मळवली,
सोमवार, सकाळी

आदरणीय हौशीरामभाऊ यांना धोंडिबाचा सविनय जय भीम. वहिनींना आणि घरातल्या सगळ्यांना जय भीम. इकडे मी आणि तुमची बहीण ठीक आहोत. हिराचा गुडघा थंडीने कुरकुरतो, पण बोलण्यावर त्याचा काही परिणाम झालेला नाही. भाताच्या झोडणीनंतर तुमची कंबर कशी आहे ते कळवावे. (शेकायच्या विटेला फडकं गुंडाळत जा. मागच्या वेळी गुंडाळलं नव्हतं आणि तीन दिवस उभ्याने जेवलात.) फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुमच्याकडे रेंज पकडायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि मला जे सांगायचं आहे ते ऐकताना माणूस टाकीच्या काठावर उभा असणं बरं नाही. म्हणून हे पत्र दूधवाल्या नथूच्या हाती देतो आहे. पाकीट भाताच्या शिताने चिकटवीन. उघडलेलं दिसलं तर मला नाही, नथूला विचारा.

तर आमचे साहेब पुण्यात राहतात आणि बंगला मी सांभाळतो, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही ते असं, की मी जागेवर आहे याची खात्री म्हणून रोज सकाळी आठच्या आत त्यांना फोनवर बंगल्याचा एक फोटो पाठवावा लागतो. तुमच्या झोडणीला मी दोन दिवस आलो, तेव्हा साहेबांना विचारलं नव्हतं. (साहेबांनी आनंदाने सोडलं असं हिरा तुम्हाला म्हणाली, ते तिचं स्वतःचं.) पहिल्या दिवसासाठी गेटचा फोटो आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवसासाठी काढायचा विसरलो. आठला दहा मिनिटं कमी होती, आणि तेवढ्यात खळ्याच्या कडेला तुमच्या दगडी बांधावर ती सापसुरळी ऊन खात बसलेली दिसली. "सापाची मावशी हाय, हाना तिला," म्हणून तुम्ही हातातली पेंढी उगारलीत. मी म्हणालो, "थांबा भाऊ, आदी फोटू." मग मी टाकीवर चढलो आणि साहेबांना फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'बंगल्यामागच्या भिंतीवर पाहुणी आली आहे. बाकी सर्व ठीक.' इतकं सुचलं म्हणून मी दिवसभर स्वतःवर खूष होतो.

साहेबांची एक पुतणी आहे, ज्योत्स्नाताई. ती पाली, सरडे आणि सापसुरळ्यांचा अभ्यास करते, याची मला कल्पना नव्हती. (असाही अभ्यास असतो, भाऊ. पगार मिळतो की नाही ते मी विचारलं नाही.) साहेबांनी सहज तिला तो फोटो दाखवला आणि ती खुर्चीतून उठलीच म्हणे. आपल्याला सगळ्या सापसुरळ्या सारख्या दिसतात, पण ही वेगळी. गळ्याशी तांबूस, अंगावर दोन फिकट पट्टे, आणि आजवर ती फक्त खाली दक्षिणेला सापडलेली. आमच्या मळवलीत कुणीच कधी पाहिली नव्हती. (मीही पाहिली नव्हती, पण हे बोलायचं कुणाजवळ?) चौथ्या दिवशी ताई, तिच्यासोबत दोघे, पाठीवर पिशव्या, टेप, थर्मामीटर असं सगळं गेटवर हजर.

पहिल्याच सकाळी ताईने फोनमधला मूळ फोटो मागितला. मी म्हणालो, फोन टाकीत पडला. त्याच वेळी तो माझ्या खिशात वाजला. स्वयंपाकघरातून हिराच फोनवर विचारत होती, "आवं, किती जनांचा सयपाक टाकू?" ताईने वही काढली. मग ती म्हणाली, फोटोतले दगड काळे आहेत आणि मागची भिंत तर सिमेंटची, वर गुलाबी रंग. मी म्हणालो, दगडाचा भाग पावसात पडला. कुठे पडला? तिकडं. भाऊ, खोटं बोलायला मला जड जात नाही हे तुम्ही जाणता, पण समोरचा माणूस प्रत्येक उत्तर वहीत लिहून घ्यायला लागला की जीभ अडखळते.

चार दिवस ती तिघं ऊन चढलं की बंगल्यामागे पोटावर पालथी पडत होती. त्यांना नेहमीच्या सापसुरळ्या तीन सापडल्या, एक सरडा, मीटरच्या पेटीमागे पालीची दोन अंडी, आणि मे महिन्यात हरवलेला साहेबांचा चष्मा. आपली काही सापडली नाही. दुसऱ्या दिवसापासून मीही शेजारी पालथा पडू लागलो, आधी लाजेखातर आणि मग खरंच बघायचं म्हणून. साठीला आलो, पण सापसुरळी दगडावर बसण्याआधी पोट टेकवून तो तापलाय का बघते, हे मला कधी दिसलं नव्हतं. आता मला रोज नवे प्रश्न पडतात. पावसाचे चार महिने ती कुठे जाते? तुमचाच बांध का? शेजारच्या बांधावर का नाही? हिरा म्हणते, "म्हातारपनी रांगाय लागलाय."

ताई रोज संध्याकाळी वहीत तारीख, वेळ, ऊन आणि 'आढळली नाही' असं लिहायची. मी विचारलं, सापडलंच नाही तर लिहायचं काय? ती म्हणाली, "न सापडणंही लिहावं लागतं काका, नाहीतर दुसरा कुणी येऊन पुन्हा तेवढेच दिवस घालवील." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. काल तिने टेबलावर नकाशा पसरला. खाली दक्षिणेला लाल ठिपके, आणि सगळ्यांच्या वर, लोहगड-विसापूरच्या डोंगराच्या अलीकडे, मळवलीवर पेन्सिलचा एक ठिपका. शेजारी माझं नाव. एवढा डोंगर त्या बोटभर जीवाने ओलांडला कसा, यावर ती दोन पानं लिहून बसली आहे. दुधिवरे खिंडीतून आली असेल, असा तिचा अंदाज आहे. भाऊ, खिंडीतून तुमच्या गावाहून मी आलो होतो, मोटरसायकलवर, मागे हिरा आणि तांदळाचं पोतं घेऊन. खरं सांगितलं तर नोकरी जाईल. न सांगावं तर तो ठिपका कायमचा तिथे राहील.

असो. तुमच्या बांधावर ती अजून दिसते का, तेवढं कळवावे. मुलांना आशीर्वाद.

आपला,
धोंडिबा

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. बांधावरची एक पकडून, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात घालून नथूकडे द्याल का? मी हळूच बंगल्यामागे सोडीन. दोन मिळाल्या तर उत्तम, एकटीला इथे करमायचं नाही. शेपटी धरू नका, तुटते.

ता. क. (मंगळवार) काल नथू आला नाही, म्हणून पत्र इथेच राहिलं. वरचं रद्द समजावं. खोडलं असतं, पण तुम्ही उजेडात धरून वाचलंच असतं. काल दुपारभर माझ्या मनात एकच आलं, की ती डोंगराच्या अलीकडे का येत नाही हे मलाच जाणून घ्यायचं आहे, आणि मी ती डब्यातून आणली की ते कुणालाच कधी कळणार नाही. म्हणून संध्याकाळी ताईला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता रडते की ओरडते. तर म्हणाली, "काका, त्या बांधावर ऊन किती वाजता येतं?" तुमचं गावही आजवरच्या ठिपक्यांच्या वरच आहे म्हणे, म्हणजे नोंद नवीनच. फक्त तिच्यासोबत खरी तारीख, खरं गाव आणि बघणाऱ्याचं नाव छापावं लागतं. माझ्या नावाऐवजी 'स्थानिक रहिवासी' लिहिते, साहेबांना कळणार नाही, असं ती म्हणाली. फार चांगली मुलगी आहे. पण भाऊ, माझं नाव आजवर छापून आलं ते फक्त मतदार यादीत, तेही चुकीचं. मी म्हणालो, माझंच नाव घाला, आणि साहेबांना फोन मीच लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "दोन दिवस?" मी म्हणालो, "दोन." ते म्हणाले, "शनिवारी बोलू."

ता. क. शनिवारी सकाळी ताई, तिचे दोघे आणि साहेब स्वतः गाडी घेऊन तुमच्या बांधावर येत आहेत. सापसुरळी कुठपर्यंत राहते ते तिथे ठरेल, आणि मी कुठे राहणार तेही. हिराने इकडे भांडी बांधायला घेतली आहेत. तुमची मागची खोली तेवढी झाडून ठेवावी.